टीयूआरपीनंतर रेडिएशन : लघवीच्या त्रासाचे अनुभव हवेत

अबोली_२
बाबा ७४ वर्षांचे. प्रोस्टेट वाढली म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन (टीयूआरपी) झालं. काढलेले तुकडे तपासले तर कॅन्सर निघाला. आता २० सिटिंगचं रेडिएशन सुचवलंय. खोकलं, पटकन उठलं की अजून थेंब थेंब गळतं, त्यात हे. भावाची रजा महिनाभराचीच, तेवढ्यात उरकायचंय. रेडिएशन घ्यायचं हे ठरलंय, त्यावर चर्चा नको. लघवीचा त्रास किती होतो? काय तयारी ठेवू?

जुनाजाणता
रेडिएशनच कशाला? मलाही प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पण माझं नुसतं पीएसएवर (प्रोस्टेटची रक्ततपासणी) लक्ष ठेवणं चालू आहे. ठणठणीत आहे मी. आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

अबोली_२
काका, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा आकडा) ८ आहे, म्हणजे जास्त. दोघांना दाखवलं, दोघेही थांबू नका म्हणाले.

स्वच्छंदी
मग पाच सिटिंगवालं घ्या! मी तेच घेतलं, दीड आठवड्यात मोकळा. रजेचाही प्रश्न मिटला.

मृदगंध
सगळ्यांना पाच चालत नाहीत हो. एकेका वेळचा डोस मोठा असतो आणि टीयूआरपीनंतर आत खळगा राहिलेला असतो. आमच्या ह्यांना त्यासाठीच नाही म्हणाले. ह्यांना २० दिली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जळजळ, सारखी घाई, रात्री झोपेचं खोबरं. संपल्यावर महिना-दीड महिन्यात हळूहळू उतरलं. एक सांगते, जळजळ झाली की रेडिएशनचीच असं धरून बसू नका, लघवी तपासून घ्या. ह्यांना मधेच इन्फेक्शन निघालं होतं.

स्वच्छंदी
मला काहीच झालं नाही.

जुनाजाणता
तुमचं टीयूआरपी झालं होतं का?

स्वच्छंदी
नाही. पण मशीन नवं होतं.

पाणीदार
भरपूर पाणी पाजा. सिटिंगला मूत्राशय गच्च भरलेलं लागतं, म्हणजे आतडं लांब राहतं.

मृदगंध
गच्च नाही, सोसवेल इतकंच. रोज साधारण सारखं भरलेलं हवं. गळत असेल तर धरून ठेवता येत नाही, हे प्लॅनिंग सीटीच्या (रेडिएशनची आखणी करायला काढतात तो स्कॅन) आधीच सांगा. चहा-कॉफी मात्र कमी करा, पाणी कमी करू नका.

निळासावळा
माझ्या मोठ्या भावाला रेडिएशननंतर तीन वर्षांनी लघवीतून रक्त आलं. इतक्या उशिरा येईल असं कुणी बोललंच नव्हतं! दुर्बीण घालून बघितलं, रेडिएशनचाच परिणाम निघाला. पुढे मार्गही आकसला. रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी तुंबली तर सकाळची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत न्या.

रेडिएशन_विभागातली
ताई, ऑपरेशन कधी झालं ते तुम्ही लिहिलंच नाही आणि कुणी विचारलंही नाही. आतली जखम भरायला बहुतेक ठिकाणी सहा आठवडे ते तीन महिने थांबतात. त्याआधी किरण दिले तर गळती कायमची होण्याचा, मार्ग आकसण्याचा धोका वाढतो. ग्लीसन ८ ला हॉर्मोन दाबणारं इंजेक्शन सहसा असतंच. ते आधी सुरू करता येतं, मग थांबणं म्हणजे उपचाराविना बसणं नव्हे. तोवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. धार बारीक झाली तर टॅमसुलोसिन, घाईसाठी मिराबेग्रॉन अशी औषधं आहेत, पण डॉक्टरांना विचारूनच. पहिल्याने बीपी उतरून चक्कर येऊ शकते, दुसऱ्याने बीपी वाढू शकतं.

स्वच्छंदी
कॅन्सर असताना थांबायचं? मी तर लगेच सुरू केलं असतं.

पाणीदार
लगेचच करा. आणि डायपर आणून ठेवा.

निळासावळा
डायपर नको. पुरुषांचे पॅड मिळतात, पुढे जाड असलेले. तेच घ्या.

मृदगंध
पॅडच घ्या, मीही तेच सांगणार होते.

अबोली_२
ऑपरेशनला जेमतेम तीन आठवडे झालेत. आज डॉक्टरांशी बोलले. इंजेक्शन उद्या, रेडिएशन गळती थांबल्यावर, साधारण दोन महिन्यांनी. दादाची रजा तोवर संपेल, मी सोबत जाईन. पॅड-डायपर दोन्हींना बाबा नाही म्हणाले. धुता येणाऱ्या जाड चड्ड्या मागवल्यात.