झिजलेले वर्षाक्षर कसे वाचावे? मदत हवी आहे
नमस्कार. जुने इंग्रजी चांदीचे चमचे मी जमवतो. नुकत्याच घेतलेल्या एका चमच्याच्या दांड्यामागे चालता सिंह, मुकुट नसलेले बिबट्याचे मुख आणि कर भरल्याची खूण असलेले राजाचे मस्तक हे चांदीची शुद्धता तपासून मारलेले लंडनचे शिक्के स्पष्ट आहेत. बिबट्याचा मुकुट १८२१ मध्ये गेला आणि राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली, त्यामुळे काळ ढोबळमानाने कळतो, परंतु वर्षाक्षर, म्हणजे शिक्का मारल्याचे वर्ष सांगणारे अक्षर, इतके घासले गेले आहे (पिढ्यानपिढ्यांच्या पॉलिशची कृपा!) की ते ‘एच’, म्हणजे १८२३, की ‘एन’, म्हणजे १८२८, हे भिंगातूनही ठरत नाही. मेणबत्तीची काजळी धरून चिकटपट्टीवर ठसा उचलण्याची पद्धत कोणी वापरली आहे का, आणि तिने चांदीला इजा तर होत नाही ना?