‘पोम पोको’ घरच्यांसोबत बघण्यासारखा आहे का? विनोदी ॲनिमे सुचवा

मृदगंधा_पनवेल
नमस्कार मंडळी. दिवाळीत सगळे आमच्याकडे जमणार आहेत. सासू-सासरे, जाऊबाईंचा चौदा वर्षांचा मुलगा, माझी अकरा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा धाकटा. घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचे ‘तोतोरो’ आणि ‘किकी’ पोरांना तोंडपाठ झालेत, आता खळखळून हसवणारं काहीतरी हवंय. ऑफिसमधल्या एकाने ‘पोम पोको’ सुचवला. रूप पालटणारे तानुकी (कोल्ह्यासारखे जपानी प्राणी) आहेत, मुलं लोळतील म्हणाला. पण नंतर वाचलं की त्या तानुकींचे अंडकोष अगदी उघड दाखवलेत आणि बरेचसे विनोद त्यावरच आहेत. सासऱ्यांसमोर कसं वाटेल? कुणी घरच्यांबरोबर बसून पाहिलाय का?

सिनेमा दीड तासाच्या आसपास हवा, साबा (सासूबाई) साडेनऊला झोपतात. नेटफ्लिक्स आहे, त्यापलीकडे काही विकत घ्यायचं नाही.

शेवगाठी
सिनेमा कुठलाही लावा, पण टीव्हीवर नको. आम्ही प्रोजेक्टर घेतला, हॉलची भिंत पांढरी रंगवून घेतली. घिबलीचे रंग काय दिसतात त्यावर! इतकी माणसं जमणार असतील तर घेऊनच टाका. दिवाळीत सवलती असतात.

कुंदा_नाशिक
आम्ही पाहिलाय. अंडकोषांचं काही वाटत नाही हो, दहा मिनिटांत सवय होते. पण ‘विनोदी’ म्हणून सुचवणाऱ्यांनी शेवटाबद्दलही सांगायला हवं. रस्त्यावर गाड्यांखाली चिरडलेले तानुकी दिसतात, पोलिसांशी झुंजताना मरतात. ज्यांना रूप पालटता येत नाही ते म्हातारे एका जहाजात बसून नाचत-गात मरणाकडे निघतात. माझी मुलगी त्या जहाजापासून जी रडायला लागली ती रात्री जेवलीच नाही. शिवाय ११९ मिनिटांचा आहे, तुमच्या दीड तासात बसत नाही.

चिंतामणी_क
शिनचॅनचा २००१ चा सिनेमा बघा, ज्यात मोठी माणसं जुन्या दिवसांच्या मोहात पडून पोरांना विसरतात. १९७० च्या ओसाका एक्स्पो या जागतिक प्रदर्शनापासून सुरुवात होते. बापाची स्मृती परत आणायला शिनचॅन त्याच्याच बुटाचा वास त्याला देतो, आणि त्या वासासरशी त्याचं सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून जातं. प्रेम, लग्न, पोरं, ऑफिसातून थकून घरी येणं. मी चाळिशीतला माणूस आहे, ढसाढसा रडलो. त्याच सिनेमात पोरं हसून बेजार होतात.

ताईसाहेब_ठाणे
शिनचॅन? सासऱ्यांसमोर? २००८ मध्ये आपल्याकडे सरकारने त्यावर बंदी घातली होती, पुढे काटछाट होऊन परत आला. आमच्या भाच्याने त्याच्यामुळे मोठ्यांना उलट बोलायला सुरुवात केली. माझा ठाम विरोध.

चिंतामणी_क
ताई, ती मालिका. मी सिनेमाबद्दल बोलतोय. उलट उत्तरं देणारी पोरं शिनचॅनच्या आधीपासून आहेत.

प्राजक्ता०७
हा सिनेमा कुठे बघायला मिळेल?

एदोगावाकर
तोक्योत बरीच वर्षं राहतोय म्हणून लिहितो. तानुकी हा खरा प्राणी आहे, श्वानकुळातला. त्याचे मातीचे पुतळे इथे दारूच्या गुत्त्यांबाहेर आणि हॉटेलांच्या दारात उभे असतात. गवताची टोपी, हातात साके या जपानी दारूची बाटली, आणि खाली जमिनीला टेकलेली ती भली मोठी पिशवी. धंद्यात बरकत यावी म्हणून ठेवतात. शाळेतली मुलं त्यावरचं गाणं म्हणतात आणि आज्या हसतात. सिनेमात एक म्हातारा तानुकी सगळ्यांना गालिच्यावर बसवून शिकवत असतो, आणि मग कळतं की तो गालिचा त्याच्याच अंडकोषांचा आहे. सहा वर्षांचं पोर तिथे हसून गडाबडा लोळणार, आणि सासरेही हसतील असं मला मनापासून वाटतं. लोककथेतला मोकळेपणा आहे तो, चावटपणा नाही.

अमेरिकेत याला ‘पीजी’ (मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघावा असं) प्रमाणपत्र मिळालंय, तेही हिंसा आणि भीतिदायक दृश्यांसाठी. म्हणजे काळजी करायचीच असेल तर कुंदाताई सांगतायत त्याची करा.

आणि एक. माणसांची वसाहत उभारायला तानुकींचं रान तोडलं जातं, ती गोष्ट खऱ्या जागेची आहे. तोक्योच्या पश्चिमेला तामा न्यू टाउन, १९६० च्या दशकात डोंगर कापायला सुरुवात झाली, १९७१ मध्ये पहिली बिऱ्हाडं राहायला आली. इसाओ ताकाहाताने १९९४ मध्ये हा सिनेमा केला, त्या वर्षीचा तिथला सर्वाधिक चाललेला जपानी सिनेमा होता.

निवांत_निखिल
+१. शेवट दुःखी आहे. सहा वर्षांच्या मुलाला दाखवू नका.

अकरावी_ड
‘टोकियो गॉडफादर्स’!!! २००३, सातोशी कोन. नाताळच्या रात्री तीन बेघर माणसांना कचऱ्यात तान्हं बाळ सापडतं आणि ते त्याच्या आईला शोधत फिरतात. योगायोगांवर योगायोग, भन्नाट विनोदी. ९२ मिनिटं, म्हणजे तुमच्या वेळेत बसतोय.

कुंदा_नाशिक
त्यात गोळीबार आहे, आत्महत्येचा प्रयत्न आहे. धाग्यात सहा वर्षांचा मुलगा लिहिलाय.

अकरावी_ड
मग त्याला झोपवा ना. चौदावाल्याला नक्की दाखवा, त्यातली हाना ही पारलिंगी स्त्री आहे आणि बाळाची सगळ्यात जास्त माया तिलाच आहे. घरात या विषयावर बोलायला याहून चांगला सिनेमा नाही.

वसुंधरा_आजी
मी स्वतः आजी आहे, म्हणून माझं ऐका. ‘यामादा’ लावा, १९९९ चा, त्याच ताकाहाताचा. चार चौकटींच्या वर्तमानपत्री व्यंगचित्रांवरून केलाय. घरात आई, बाप, फटकळ आजी, अभ्यासाला कंटाळलेला मुलगा, धाकटी नोनोको आणि एक कुत्रा. एका प्रसंगात नवरा-बायकोचं टीव्हीवरून भांडण होतं. ती रिमोट दाबते आणि तो वर्तमानपत्र आडवं धरून रिमोट चालू देत नाही. ती वाकते, तो वाकतो, ती बाजूला सरकते, तोही सरकतो. आमचे हे पाहताना उठून बसले. नोनोको दुकानात हरवते तेव्हा सगळे गाडीत बसून खुशाल घरी निघालेले असतात आणि वाटेत आठवतं की पोरगी कुठाय!

चित्रं जलरंगांसारखी, अर्धीमुर्धी सोडलेली, कागदाचा पांढरा भाग तसाच दिसतो. मध्येच जुना जपानी कवी बाशो याचे हायकू (तीन ओळींच्या छोट्या कविता) येतात. १०४ मिनिटांचा आहे, पण सुटे सुटे प्रसंग असल्यामुळे तुमच्या साबा कुठेही उठून गेल्या तरी काही बिघडत नाही. कुणी मरत नाही, आणि आजीला शेवटपर्यंत मान आहे.

निवांत_निखिल
यामादा संथ आहे. आमच्या मुलाने अर्ध्या तासात मोबाइल मागितला.

वसुंधरा_आजी
मोबाइल हाताशी ठेवलात म्हणून मागितला.

रत्नागिरी_रापण
जो बघाल तो मूळ जपानी आवाजात, सबटायटलसह बघा. पोम पोकोचा निवेदक राकुगोचा नामवंत कलाकार आहे, एका जागी बसून गोष्ट रंगवणारी ती परंपरा. डबिंगमध्ये ती मजा जाते.

ताईसाहेब_ठाणे
सहा वर्षांचा मुलगा इंग्रजी सबटायटल वाचणार? मूळ आवाजाचा हट्ट एकटे बघताना करावा.

रत्नागिरी_रापण
शेजारी बसून सांगायचं की! आमच्या लहानपणी वडील इंग्रजी सिनेमा असाच सांगायचे.

शेवगाठी
प्रोजेक्टरला वेगळे स्पीकर लागतात, सबटायटलचा प्रश्न नंतरचा.

मृदगंधा_पनवेल
सर्वांचे आभार. वसुंधराताई, यामादा यादीत घेतलाय, मे महिन्यात बघू. बहुमत विरोधात आहे तरी ‘पोम पोको’च लावतेय.

काल हा धागा सासऱ्यांना वाचून दाखवला, अंडकोषांसकट. नवी मुंबई वसवताना आमची भातशेती गेली. नुकसानभरपाईसाठी कचेऱ्यांच्या किती चकरा मारल्या आणि गावाजवळची टेकडी सुरुंगाने कशी फुटत गेली, हे ते पोरांना नेहमी सांगतात, पोरं ऐकल्यासारखं करतात. एदोगावाकरांचं तामाबद्दलचं वाचून ते म्हणाले, ‘हाच लाव, मी धाकट्याला मांडीवर घेऊन बसतो.’ प्राणी मरतात हे त्याला आधीच सांगून ठेवणार आहे. त्याने मेलेलं मांजर पाहिलंय, त्यावर प्रश्नही विचारलेत. हसायचं आणि रडायचं एकाच सिनेमात झालं तर मला चालेल. दोन रात्रींत बघू, म्हणजे साबांची झोपही सांभाळली जाईल. माणसांना घाबरवायला तानुकी रूप पालटून जी भुतांची मिरवणूक काढतात, तिथपर्यंत पहिला भाग, असं ठरवलंय. आवाज जपानी, सासरे वाचून दाखवणार.

कुंदा_नाशिक
जहाजाच्या वेळी मुलीजवळ बसा. अकराव्या वर्षी जास्त लागतं.

एदोगावाकर
मिरवणुकीवर थांबवू नका. तिच्या पुढे एक थीम पार्कवाला ती आपलीच जाहिरात होती म्हणून सगळं श्रेय लाटतो, तेवढं पहिल्या रात्रीच होऊ द्या. पोरं इतकी चिडतात की दुसऱ्या दिवशी तीच तुम्हाला बोलवायला येतील. आणि मिरवणुकीत क्षणभर किकी आणि तोतोरो दिसतात, लेकीला शोधायला सांगा.