फुटक्या टाइल्सची पूड पेव्हरच्या सिमेंटमध्ये: किती टक्के चालेल?

पेव्हर_गोशिमा
मंडळी, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावचं युनिट, ६० आणि ८० मिमी जाडीचे पेव्हर (फरसबंदीचे काँक्रीट ब्लॉक), रबर मोल्ड आणि व्हायब्रेटिंग टेबल. एम४० ला (२८ दिवसांना ४० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीच्या काँक्रीटला) घनमीटरमागं ४०० किलो पीपीसी (राखमिश्रित सिमेंट) जातं. दुकानांतल्या फुटक्या टाइल्स, जुनी मंगलोरी कौलं, शिवाय शिरोलीकडच्या फाउंड्रींतलं भट्टीचं अस्तर आणि इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचे फुटलेले शेल (धातू ओतायचे सिरॅमिक साचे), असा सगळा सिरॅमिक माल जवळपास फुकट मिळतोय. एकत्र दळून २० टक्के सिमेंटच्या जागी घालायचा विचार आहे. पूड २०० मेशची पुरेल का? आणि कुठं फसेल?

चुना_आणि_राख
'एकत्र दळून' इथंच फसेल. चारही माल वेगळे ठेवा.

सिमेंट भिजलं की त्यातून मोकळा चुना सुटतो. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना त्या चुन्याशी जुळली तरच पूड सिमेंटचं काम करते, नाहीतर ती नुसती बारीक वाळू. माती ७०० ते ८०० अंशांना भाजली तर सर्वांत जास्त जुळते. कौलं त्याच्या थोडी वर, ९०० च्या आसपास भाजतात, म्हणून तुमच्या ढिगातला सर्वांत चांगला माल तोच. व्हिट्रिफाइड टाइल १२०० च्या घरात भाजते. तिच्यातलं क्वार्ट्झ आणि म्युलाइट (ही स्फटिकं) ढिम्म असतं, काच तेवढी जुळते, तीही सावकाश आणि खूप बारीक दळल्यावरच.

२०० मेश म्हणजे ७५ मायक्रॉन, ते जाड पडतं. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओली चाळून १५-२० टक्क्यांपेक्षा जास्त राहू नये. जॉ क्रशर, मग हॅमर मिल, शेवटी बॉल मिल. बॉल मिलचे युनिट टनाला किती जातात ते आधी मोजा. सिमेंट कारखान्यात क्लिंकर (सिमेंटचे भाजलेले गोळे) दळायला टनाला साधारण ३०-४० युनिट लागतात. टाइल दळायला त्याहून फार जास्त वीज जात असेल तर 'फुकट' माल फुकट राहत नाही.

दुसरं, पीपीसीत आधीच १५ ते ३५ टक्के वीजकेंद्रांतली राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश असते. तिलाही तोच चुना लागतो, तिच्यावर आणखी २० टक्के पूड टाकली तर दोघींना पुरेल एवढा चुना सुटणारच नाही. ओपीसी ५३ (राख नसलेलं साधं सिमेंट) घ्या.

भट्टीकाठ
फाउंड्रीच्या मालाबद्दल. इंडक्शन भट्टीचं अस्तर म्हणजे सिलिका रॅमिंग मास (ठोकून बसवलेली सिलिकेची भुकटी), आणि त्यात बोरिक अ‍ॅसिड १ टक्क्याच्या आसपास असतं. धातूकडची बाजू भाजून काच होते, पण मागचा भुसभुशीत थर तसाच राहतो आणि त्यातला बोरॉन पाण्यात उतरतो. बोरेट सिमेंटचं सेटिंग लांबवतं. ब्लॉक दुसऱ्या दिवशीही मोल्डमधून निघाले नाहीत तर दोष अ‍ॅडमिक्श्चरवर (काँक्रीट पातळ ठेवायला घालायच्या रसायनावर) ढकलला जातो, कारण हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. हा माल घेऊच नका.

मॅग्नेसाइट (मॅग्नेशियाच्या) विटा आल्या तर त्याही बाजूला काढा. जास्त भाजलेला मॅग्नेशिया महिन्यांनी पाणी धरून फुगतो आणि क्यूब टेस्टमध्ये (ठोकळा दाबून ताकद मोजताना) पास झालेला ब्लॉक वर्षभरात तडकतो. मॅग-क्रोम विटांत क्रोमियम असतं, सिमेंटच्या अल्कलीत ते घातक रूप घेऊ शकतं.

शेलच्या आतल्या थरात बहुतेक झिरकॉन, बाहेरच्या थरांत म्युलाइट किंवा फ्यूज्ड सिलिका (वितळवून काच केलेली सिलिका). चुन्याशी यांचं फारसं जमत नाही. वाळूच्या जागी थोडा चालेल, सिमेंटच्या जागी नाही. आणि फ्यूज्ड सिलिका तापून क्रिस्टोबलाइट (सिलिकेचं स्फटिक रूप) होते, तिची धूळ म्हणजे सिलिकोसिस (फुप्फुसाचा रोग). कोरडं फोडू नका. धुळीवर पाणी मारा, मिलला धूळ पकडणारे सायक्लोन आणि बॅग फिल्टर लावा. टाइलच्या धुळीतही क्वार्ट्झ आहेच.

पेव्हर_गोशिमा
म्हणजे टाइल आणि कौलंच. घरं पाडल्यावरच्या टाइल्स घेतल्या तर?

क्यूब_टेस्ट
घ्या, पण पाठीचा मसाला झाडून. जिप्सम प्लास्टर किंवा पीओपी आलं की सल्फेट वाढतं आणि ब्लॉक फुगू शकतो. दुकानातला ताजा फुटका माल त्या मानानं स्वच्छ.

आधी आयएस (भारतीय मानक) १७२७ प्रमाणं पूड तपासा. लाइम रिअ‍ॅक्टिव्हिटीच्या (पूड चुन्याशी किती जुळते त्या) चाचणीचे ५० मिमीचे क्यूब असतात, ४८ तासांनंतर ५० अंशांना ८ दिवस. भाजलेल्या मातीच्या पोझोलानासाठीच्या (चुन्याशी जुळणाऱ्या पुडीसाठीच्या) आयएस १३४४ मध्ये किमान ४ न्यूटन प्रति चौरस मिमी मागितलेत. दुसरी चाचणी मॉर्टरची (सिमेंट-वाळूच्या मसाल्याची), त्यात २० टक्के सिमेंट पुडीनं बदलतात आणि २८ दिवसांची ताकद साध्या मॉर्टरच्या ८० टक्के तरी यावी लागते. ८० वर खूश होऊ नका. सिमेंट २० टक्के काढल्यावर नुसत्या दगडाच्या बारीक पुडीनंही साधारण तेवढं येऊ शकतं. म्हणून तेवढीच बारीक बेसॉल्ट पूड घालून एक जोड संच करा आणि दोन्ही संच ९० दिवसांनाही फोडा. टाइलच्या पुडीची ताकद बेसॉल्टच्या पुढं सरकत राहिली तरच ती पूड जुळतेय.

सुरुवात १५ टक्क्यांनी करा: ४०० मधले ३४० सिमेंट, ६० पूड. पुडीची घनता २.५ च्या आसपास, सिमेंटची ३.१५, म्हणून त्याच वजनात ती घनमीटरमागं सुमारे ५ लिटर जास्त जागा घेते आणि ओलं काँक्रीट आखडतं. इथं कामगार पाण्याचा डबा उचलतो. त्याला थांबवा, अ‍ॅडमिक्श्चर थोडं वाढवा. ७ दिवसांची ताकद कमी येईल, ते चालतं, पण क्युअरिंग १४ दिवस करा आणि त्याआधी गाडी भरू नका. पेव्हरसाठीच्या आयएस १५६५८ ची पाणी शोषणाची हद्द सरासरी ६ टक्के आहे, तीही बघा, जाड पूड असली की तिथं नापास होतो.

कौलाच्या पुडीनं ब्लॉकवर गुलाबी झाक येते. राखाडी हवा असेल तर फक्त खालच्या थरात वापरा.

चुना_आणि_राख
एक राहिलं. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर कौलं उघड्यावर ठेवली तर पाणी पितात आणि ओला माल बॉल मिलमध्ये चिकटून बसतो. शेड नसेल तर दिवाळीनंतर दळायला घ्या. आणि दळण्यासाठी एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) वेगळी संमती लागते का ते मिल घेण्याआधी विचारा, नंतर नाही.