मोबाईलचं कॉन्ट्रॅक्ट मोडताना बसलेला भुर्दंड : तुमचे अनुभव लिहा

निशिगंध७ :
काल रात्री भाचीचा टोरांटोहून फोन आला. शिक्षण संपलं, परत यायचंय, आणि दुकानातला माणूस सांगतोय की फोनचे उरलेले पैसे एकरकमी भरा. "मावशी, फोन तर मला जवळजवळ फुकटच मिळाला होता!" हे ऐकलं आणि आमचा तोक्योतला शेवटचा आठवडा आठवला.

२०१४ची गोष्ट, निशी-कासाईला राहायचो. तिकडे तेव्हा 'झिरो येन' म्हणून फोन मिळायचे. प्रत्यक्षात फोनची किंमत २४ हप्त्यांत लावलेली आणि दर महिन्याच्या बिलात तेवढीच सूट. हप्ता वजा सूट, बाकी शून्य. यजमानांचं प्रोजेक्ट अचानक आटपलं, कंपनीने परतीची तिकिटं हातात दिली. दुकानात गेलो तर कागद पुढे आला : दोन वर्षांचा करार मोडल्याबद्दल ९,५०० येन, वर टॅक्स, आणि तेही प्रत्येक नंबरला. त्याखाली राहिलेले सगळे हप्ते. सूट मात्र त्याच महिन्यापासून बंद! काउंटरवरची मुलगी प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने रेघ ओढत, मध्येमध्ये वाकून माफी मागत समजावत होती. तिच्यावर चिडणार तरी कसं. बरं, पैसे भरून आणलेले फोन लॉक केलेले, पुण्यात आपलं सिम घातलं तर चालेना.

दोन वर्षं पुरी केली की सुटलो असंही नव्हतं. ठरलेल्या महिन्यातच रद्द करायचं, तो हुकला की पुढची दोन वर्षं आपोआप सुरू. ऑक्टोबर २०१९ पासून तिथल्या सरकारने नव्या करारांसाठी हा दंड १,००० येनवर आणला. आम्ही केव्हाच परतलो होतो.

कोणाकोणाला असा फटका बसलाय? लिहा, भाचीलाही वाचायला देणार आहे.

शेवंती :
अय्या निशी-कासाई!! आम्ही पण होतो, २०१६ ते १८. कुठली बिल्डिंग? स्टेशनकडची का नदीकडची?

कोकणकडा :
जर्मनी, २०१२. २४ महिन्यांचा करार. संपायच्या तीन महिने आधी लेखी कळवलं नाही तर आणखी एक वर्ष वाढतो. मी ईमेल केला होता, वेळेत केला होता. तो धरलाच नाही, सहीचं पत्र हवं म्हणाले. पत्र पोचेपर्यंत तारीख गेली. वर्षभर न वापरलेल्या सिमचे पैसे खात्यातून जात राहिले. अजून आठवलं की डोकं तापतं.
आता तिकडे सुधारलंय. डिसेंबर २०२१ पासून पहिली मुदत संपली की एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही सोडता येतं. आणि जुलै २०२२ पासून कंपनीच्या वेबसाइटवर करार रद्द करायचं बटण असणं सक्तीचं आहे. नव्याने जाणाऱ्या पोरांनी ते बटण वापरा आणि पोच जपून ठेवा.

निशिगंध७ :
शेवंती, नदीकडे, आराकावाच्या बाजूला. तुझी माझी चुकामूक झाली गं.
कोकणकडा, ईमेल करूनही? हे फारच वाईट.

माळरान :
परदेशातलंच कशाला, आपल्याकडे काय कमी आहे. ऑफिसचा कॉर्पोरेट नंबर होता, प्लॅन निम्म्या पैशात, बायकोचा नंबर पण त्यातच जोडलेला. नोकरी सोडली. १९०० ला पोर्टचा मेसेज टाकला, तर विनंती नाकारली. कॉर्पोरेट नंबरला कंपनीच्या अधिकृत माणसाच्या सहीचं पत्र लागतं. एचआर म्हणे अॅडमिनला विचारा, अॅडमिन म्हणे सहीवाले साहेब रजेवर. पत्र मिळालं तोवर पोर्टचा कोड बाद, तो चारच दिवस चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम, ईशान्येला ३० दिवस). परत मेसेज. मग कळलं की थकबाकी आहे. कसली? तर नोकरी सोडल्याच्या तारखेपासून सवलत काढून पूर्ण भाड्याने बिल लावलेलं, दोन्ही नंबरांना. बँक, गॅस, मुलीची शाळा, सगळीकडे तोच नंबर, भरले मुकाट्याने.
ज्यांची नोकरी बदलायची आहे त्यांनी राजीनाम्याच्या आधी नंबर स्वतःच्या नावावर करून घ्या. पाया पडून सांगतो.

खारीबिस्कीट :
+१ माळरान. माझ्या भावाचं सेम टू सेम. त्याचा नंबर तर गेलाच शेवटी :(

मेपल_साताऱ्याची :
निशिगंधताई, भाचीला माझा निरोप द्या. कॅनडात डिसेंबर २०१३ पासून वायरलेस कोड आहे, म्हणजे मोबाईल कंपन्यांनी पाळायची नियमावली. फोनवर सवलत घेतलेली असेल तर मध्येच सोडताना कंपनी फक्त त्या सवलतीतली उरलेली रक्कम मागू शकते. ती दर महिन्याला कमी होत जाते आणि २४ महिन्यांनी शून्य. त्यावर वेगळा दंड नाही. करार करताना एक सारांशाचा कागद देतात, त्यात रद्द करायची रक्कम कशी काढायची ते लिहिलेलं असतं. तो कागद काढायला सांगा आणि दुकानातल्या माणसाचा आकडा त्याच्याशी ताडून बघायला सांगा. जमत नसेल तर सीसीटीएसकडे (फोन कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी तिथली संस्था) तक्रार करता येते, फुकट आहे. मी केली होती, पैसे परत मिळाले. मुलं परदेशात एकटी असली की घाबरून भरून टाकतात. तिला म्हणावं घाई करू नकोस.

निशिगंध७ :
किती छान सांगितलंस! लगेच तिला पाठवलं.

रानपाखरू :
आम्ही डॅलस. फोनवर ३६ महिने क्रेडिट, म्हणजे दर महिन्याच्या बिलात सूट. त्यासाठी जुना फोन देऊन टाकला होता, चांगला चालता. नवऱ्याची बदली बंगलोरला झाली, लाइन बंद करायला गेलो, तर उरलेली क्रेडिट गेली, उरलेले हप्ते उभे, आणि जुना फोन तर आधीच गेलेला. तीन वर्षं म्हणजे केवढा काळ असतो, व्हिसावरच्या माणसाला पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. विकणाऱ्या मुलाला मी स्पष्ट विचारलं होतं, मध्ये सोडलं तर काय? तो म्हणाला काही नाही, कॉन्ट्रॅक्टच नाहीये. ते खरंच होतं, कॉन्ट्रॅक्ट नव्हतं. हप्ते होते.
कुकरची शिट्टी झाली, बाकीचं नंतर लिहिते.

चहाबाज :
यूकेवाल्यांसाठी. मेसेज इंग्रजीतच करायचा : INFO असं लिहून ८५०७५ वर पाठवा. सोडायचे किती पैसे लागतील ते उत्तरात येतं. नंबर घेऊन जायचा असेल तर PAC लिहून ६५०७५. जुलै २०१९ पासून ही सोय आहे. कॉल सेंटरशी बोलावंच लागत नाही. त्याआधी मला नंबर नेण्याचा कोड द्यायला पाऊण तास धरून ठेवलं होतं, का सोडताय, काय कमी पडलं, अजून सवलत देतो...

कोकणकडा :
रानपाखरू, शेवटची दोन वाक्यं वाचून अंगावर काटा आला.

खारीबिस्कीट :
थोडं अवांतर. हा धागा वाचून आईचं बिल नीट बघितलं. दर महिन्याला कॉलर ट्यूनचे पैसे कापले जातायत! तिला माहीतच नाही. कसं बंद करायचं?

माळरान :
१५५२२३ ला फोन कर, सगळ्या कंपन्यांना चालतो, टोल फ्री आहे. तिथे बंद करून मिळतं. बंद झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांब.

शेवंती :
खारी, माझ्या सासऱ्यांचं पण बघते आता. त्यांच्या फोनवर काय काय चालू असेल देव जाणे.

रानपाखरू :
आले परत. फोन इकडे आणला तो अनलॉक होता का, ते सांगायचं राहिलं. पूर्ण पैसे भरल्यावर अनलॉक करून दिला. सध्या लेक वापरतेय, अभ्यासाच्या नावाखाली.

खारीबिस्कीट :
माळरान धन्यवाद, झालं बंद! पण आई रुसली. तिच्या भिशीतल्या सगळ्या मैत्रिणींना तो अभंग ऐकायला आवडायचा म्हणे, आता फोन लावला की नुसतं टुर्र टुर्र. पैसे मी देते, परत लाव म्हणतेय.