अनुभव धागा: खारी हवा, घाम आणि जिममधली स्पिन बाईक

सड्यावरची
आज जिममध्ये (रत्नागिरी, समुद्र पाच मिनिटांवर) शेजारच्या स्पिन बाईकवर एक काकू चढल्या आणि दर फेरीला कर्र-कट्, कर्र-कट्. थेट आजोळच्या विहिरीचा रहाट आठवला. आजोबा त्याला खोबरेल पाजायचे.

मग नडगीवरचा व्रणही आठवला. जुन्या जिममध्ये डावं पेडल आठवडाभर डुगडुगत होतं. ट्रेनर रोज पाना लावून आवळायचा, पण उजव्यासारखं. डाव्याचे आटे उलटे असतात, म्हणजे तो रोज मन लावून सैल करत होता! एक दिवस मी उभी राहून मारत असताना ते निखळलं. या बाईकला फ्रीव्हील नसतं, पाय थांबला तरी ते जड चाक क्रँक (पेडलचा दांडा) फिरवतच राहतं. नडगीवर असा दणका बसला की शेजारच्या दोघी क्लास सोडून पळाल्या.

तुमच्याकडे काय काय मोडलंय? लिहा.

तिरफळ
आमच्याकडे वेंगुर्ल्यात सीट एकाच उंचीवर अडकान बसली हा. मी पाच फूट, घोव सहा फूट. तो गुडघे कानाक लावन मारता. तिघांनी हातोडो मारलो, सीट हलली नाय, हातोड्याचो दांडो मोडलो.

खाजणकाठ
@तिरफळ 😂 घोवाक सांग, तेवढाच योगासन.

गाळातला
चिपळूण. २२ जुलै २०२१. जिम तळमजल्यावर, आणखी काय सांगू. गाळ उपसून बाईक पाइपाने धुतल्या, वरून अगदी नव्यासारख्या. मालक खूश. महिनाभरात सगळ्यांची बेअरिंगं घरघरायला लागली, आत चिखल तसाच. शेवटी भंगारात गेल्या. आमची शिलाई मशीनही त्याच टेम्पोतून गेली, आईच्या लग्नातली. त्याचं जास्त वाईट वाटलं.

सड्यावरची
अरेरे. मशीनचं वाचून कसंतरीच झालं.

पाना_नं_१५
माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन जिमची कामं करतो. बहुतेक रोग एकच, मीठ. हवेत आहे आणि घामातही आहे. लोक हँडल पुसतात, पण घाम ओघळून खालच्या नळीत आणि स्क्रूच्या खाचेत साचतो, त्याकडे कोणी बघत नाही. सीटची नळी महिन्यातून एकदा पूर्ण बाहेर काढा, पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. एवढं केलं तर हातोडा लागत नाही. जुन्या बाईकमध्ये पेडल जड करायला चाकावर लोकरीचा पॅड घासतो, तो कोरडा पडला की जळका वास येतो. सिलिकॉन स्प्रे मारा. चुंबकवाल्या बाईकला ही भानगड नाही, तिथे चाकाला काही टेकतच नाही.
बाकी नंतर, गिऱ्हाईक आलंय.

कोकमसार
तो जळका वास!! मी ट्रेनरला म्हटलं, काहीतरी करपतंय. तो म्हणाला, मॅडम तुमची चरबी.

आळशी_कासव
आम्ही घरीच आणली. जुलैत कपडे वाळत नाहीत, मग हँडलवर टॉवेल, सीटवर जीन्स, पेडलवर मोजे. ओल्या जीन्सचं पाणी झिरपून साखळी गंजली. एकूण व्यायाम: अकरा दिवस.

खाजणकाठ
आमच्याकडे तेच काम ट्रेडमिल करते. त्याला दांडी मोठी असते, चादर मावते.

कोकमसार
@पाना_नं_१५ दादा, खोबरेल चालेल का? घरात तेच आहे.

पाना_नं_१५
नको ताई, चिकट होतं, धूळ धरतं. ग्रीसचा छोटा डबा आणून ठेवा.

सड्यावरची
म्हणजे आजोबांचं चुकलंच 😔

पाना_नं_१५
रहाटाला चालतं हो. आजोबांना काही म्हणू नका.

तिरफळ
गे सड्यावरची, त्या काकूंका सांगलंस की नाय?

सड्यावरची
सांगितलं. म्हणाल्या, अगं बाई, मी समजत होते माझा गुडघाच वाजतोय, डॉक्टरची वेळ घेतली आहे सोमवारची.

खाजणकाठ
कोणाकडे घेतलीय? माझाही वाजतो.