सारंगखेड्याची मारवाडी घोडी: लगाम ओढला की मान झटकते, टाच लावली की दोन पायांवर उभी राहते

पागा_शिरूर (प्रश्न)

मारवाडी घोडी, ६० इंची, चार दाती (वरचे-खालचे कोपऱ्याचे दात अजून दुधाचे). छातीचा घेर १६० सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५२ सेंमी. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली, सोबत काटेरी लगाम आणि रंगीत खोगीर आलं.

अडचण अशी: हातात लगाम घेतला की मान वर-खाली झटकते, उजवीकडे वळायला तयार नसते. टाच लावली की पुढे न जाता मागच्या पायांवर उभी राहते. मोकळी असताना शांत, लहान मूलही मोरखी (तोंडात कडी नसलेला डोक्यावरचा साज) धरून नेतं. स्वाराचं वजन ७८ किलो, खोगीर ८ किलो.

खुराक: सकाळ-संध्याकाळ अडीच-अडीच किलो चंदी (दाण्याचा खुराक), त्यात दीड किलो गव्हाचा कोंडा, अर्धा किलो हरभऱ्याचा भरडा, अर्धा किलो म्हशीची गोळी पेंड. संध्याकाळी १० किलो हत्ती गवत, रात्री ५ किलो कडबा. पाणी दोन वेळा दाखवतो. आठवड्यातून एखाद्या रात्री पुढच्या पायाने जमीन उकरते, कुशीकडे बघते, बसते-उठते. अर्ध्या तासात शांत होते.

गावातल्या घोडे फिरवणाऱ्याचं म्हणणं: काटेरी लगाम चालू ठेवा, मान कडीला बांधून रोज तासभर उभी करा, आणि काम होईपर्यंत खायला देऊ नका, "भुकेलं जनावर ऐकतं". यातलं काय करावं?

---

खूर_आणि_नाल

यातलं काहीही करू नका. पहिल्यांदा तोंड तपासून घ्या, कारण चार दाती घोडीच्या तोंडात याच वयात सगळ्यात जास्त उलथापालथ चालू असते. कोपऱ्याचे दात साडेचार वर्षांच्या सुमारास बदलतात. दाढांवरच्या दुधाच्या शेवटच्या टोप्या चौथ्या वर्षाच्या आसपास सुटतात. सुटता सुटता अर्धवट अडकलेली टोपी हिरडीला टोचत राहते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजत नाही, धारदार होते. लगाम आणि मोरखीचा पट्टा गाल त्याच धारेवर दाबतात. एकाच बाजूला वळायला नकार, हे त्या बाजूच्या गालावर किंवा जिभेवर जखम असल्याचं नेहमीचं लक्षण आहे. शिवाय पहिल्या दाढेच्या पुढे कधी कधी एक बारीक खुंट्यासारखा दात असतो, त्याला वुल्फ टूथ म्हणतात. लगामाची कडी बरोबर त्यावर आपटते.

घरी बघण्यासारखं: लिदीत हरभऱ्याचे अख्खे तुकडे किंवा बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या दिसतात का, चघळलेल्या गवताच्या लोळ्या गव्हाणीत पडतात का, तोंडाला वास येतो का. बाकी तपासणी पशुवैद्यकाकडूनच. जबडा उघडा ठेवायचं साधन लावून, थोडी गुंगी देऊन, टॉर्चच्या उजेडात मागच्या दाढेपर्यंत. जीभ बाजूला ओढून बोटं घालून बघणारे पुष्कळ आहेत, त्यांना पुढच्या दोन दाढांपलीकडचं काही दिसत नाही आणि बोटं मात्र जायची वेळ येते.

आता काटेरी लगाम. समोरचे दात आणि दाढा यांच्या मधल्या रिकाम्या जागेत हाडावर फक्त पातळ कातडी असते. काटे तिथे रुततात, हाडावरचं आवरण दुखावतं आणि तिथे हाडाची गाठ येते. ती गाठ पुढे साध्या लगामालाही दुखते. आणि हा नुसता चांगल्या-वाईटाचा प्रश्न नाही: भारवाहू आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत स्वारीसाठीही काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम वापरायला बंदी आहे.

ओठांच्या कोपऱ्यात किंवा त्या रिकाम्या जागेत जखम असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत तोंडात काहीच घालू नका, नीट बसणाऱ्या मोरखीवर काम करा. नंतर मधे सांधा असलेली गुळगुळीत साधी लगामकडी, जाडी १४ ते १६ मिमी, दोन्ही बाजूंना ओठाबाहेर साधारण ५ मिमी राहील इतकी रुंद. नाकपट्ट्याखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

---

चंदी_तोबरा

लगामाचं वर आलंय. मला तुमच्या चंदीची जास्त काळजी वाटते.

छातीचा घेर × घेर × लांबी भागिले ११,८८० (सगळं सेंमीमध्ये) केलं की वजन किलोमध्ये येतं. तुमची घोडी साधारण ३२८ किलोची. तिला दिवसाला सुमारे साडेसहा किलो कोरडा आहार पुरतो, त्यातला बहुतेक भाग चारा हवा. तुम्ही पाच किलो चंदीच देताय. एका वेळेला सव्वा किलोच्या वर दाणा गेला की तो लहान आतड्यात पुरता न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून वायू, पोटशूळ आणि पुढे खूर सुजण्याचा धोका.

कोंड्याचं गणित याहून वाईट आहे. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. घोड्याला उलट, कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं, खरं तर दीडपट लागतं. दिवसाला तीन किलो कोंडा म्हणजे शरीर हाडांतून कॅल्शियम ओढणार. वरून हत्ती गवत: त्यातलं ऑक्झॅलेट पोटातलं उरलंसुरलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू ते बऱ्यापैकी मोडतात, म्हणून गोठ्याला चालणारं गवत पागेला चालत नाही. याचा परिणाम: नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगतात, दात हलतात, चावताना दुखतं, आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडते. रक्तातलं कॅल्शियम मात्र बहुधा ठीकच येतं, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे" यावर जाऊ नका. गालाच्या हाडांवरून हात फिरवून बघा.

गोळी पेंड आजच बंद. जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. गाईगुरांना आणि कोंबड्यांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र ते थोड्या प्रमाणातही निकामी करतं. त्यावर उतारा नाही. पोत्यावर नाव छापलेलं नसलं तरी कारखान्यात औषध घातलेलं आणि न घातलेलं खाद्य एकाच यंत्रातून जात असू शकतं.

बदल एकदम करू नका, दहा-बारा दिवस घ्या. शेवटी असं व्हावं: मारवेल किंवा दुसरं चांगलं वाळलेलं गवत चार-साडेचार किलो, चार वेळा विभागून, हिरवा लसूणघास चार-पाच किलो, त्यातून कॅल्शियम मिळतं, जव किंवा ओट भरडून एक किलो आणि भिजवलेला हरभरा पाव-अर्धा किलो, दोन वेळांत. कोंडा ठेवायचाच तर मूठभर, औषध कालवायला. मीठ रोज ३० ग्रॅम, घाम गाळणाऱ्या दिवसांत ५०-६०. गूळ-तूप-अंडी ज्याला हौस त्याने द्यावीत, घोडीला गरज नाही.

---

रात्रपाळी_पशुवैद्य

वरच्या दोघांशी सहमत. रात्रीच्या त्रासाबद्दल थोडं.

दिवसभर पोट रिकामं, दोन वेळा पाणी, आणि रात्री एकदम पाच किलो जाडाभरडा कडबा. दाढाही दुखत असतील तर तो नीट चावला जाणार नाही. आतड्याच्या वळणावर बोळा बसण्याची ही पक्की तयारी आहे. या वजनाच्या घोडीला थंडीत २० लिटरच्या वर आणि उन्हाळ्यात ४० लिटरपर्यंत पाणी लागतं, ते समोर कायम असलं पाहिजे. कडबा द्यायचाच असेल तर कुट्टी करून, शिंपडून, थोडा. गव्हाण जमिनीवर आणि जमीन वाळूची असेल तर रबरी चटई टाका, नाहीतर चाऱ्याबरोबर वाळू पोटात साठते.

"भुकेलं जनावर ऐकतं" याबद्दल: घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरतं, खाणं असो वा नसो. लाळ मात्र चावतानाच सुटते. पाच-सहा तास चाऱ्याविना गेले आणि मग पळवलं, की आम्ल उसळून जठराच्या वरच्या, आवरण नसलेल्या भागाला लागतं. अल्सर होतो. अल्सर असलेली घोडी तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना कान पाडते, चावायला येते, टाच लावली की चिडते. म्हणजे उपायातूनच दुखणं तयार होतं. कामाच्या आधी अर्धा तास किलोभर गवत द्या.

नेहमीचे आकडे निरोगी असताना लिहून ठेवा: ताप ३७.५ ते ३८.५ अंश, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोपने किंवा जबड्याच्या खालच्या कडेवरच्या धमनीवर बोट ठेवून मिळते. हिरडी अंगठ्याने दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी झाली पाहिजे. पोटदुखीत चारा काढून घ्या, पाणी राहू द्या, दोन्ही कुशींना कान लावून आतड्यांचा आवाज ऐका. नाडी ६० च्या वर, हिरड्या विटकरी किंवा जांभळट, आवाज बंद, किंवा लोळणं थांबत नाही, यातलं एकही दिसलं तर थांबायची वेळ गेली, डॉक्टर लगेच. थोडं चालवणं ठीक, पण दमवू नका.

बाटलीने किंवा नळ्याने तेल पाजू नका. मान वर करून ओतलेलं तेल फुप्फुसात जातं आणि पोटदुखीतून वाचलेली घोडी न्यूमोनियाने जाते. तेल द्यायचंच असेल तर आम्ही ते नाकातून जठरात नळी घालून देतो. वेदनाशामकाचा दुसरा डोस स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही, त्याने दुखणं झाकतं आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

---

दुडकी

राहिलं उभं राहणं. एक शक्यता कोणी मांडलेली नाही. यात्रेत घोडे नाचवतात, खडे करून दाखवतात. लगाम वर खेचणं आणि त्याच क्षणी टाच, हीच अनेकांची खूण असते. मग तुमची घोडी बिघडलेली नाही, शिकवलेलं काम चोख करते आहे! विक्रेत्याला फोन करून खूण विचारून घ्या.

खूण वेगळी असली तरी कारण बहुतेक तेच निघेल. टाच म्हणजे पुढे चल, ताठ लगाम म्हणजे थांब. दोन्ही एकदम मिळाल्यावर तिला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. ती वर गेली की स्वार घाबरून हात सोडतो, तोंडावरचा दाब जातो. घोड्याला दाब सुटण्यातूनच धडा मिळतो, म्हणून ती पुढच्या वेळी आणखी लवकर उभी राहते. आणि वर असताना लगाम धरून लोंबकळलं तर ती पाठीवर उलटते. तेव्हा वर गेली तर पुढे झुका, आयाळ धरा, हात ढिला ठेवा. पाय टेकले की लगेच पुढे चालवा.

पण खरं काम जमिनीवरून. दात आणि पाठ बघून झाल्यावर, मोरखी आणि ३ मीटर दोरावर: पुढे चल, थांब, दोन पावलं मागे, मान खाली. दोराला हलका ताण द्यायचा, एक पाऊल पडलं रे पडलं की ताण शून्य. उशीर झाला तर घोडी सुटकेचा संबंध पुढच्या भलत्याच हालचालीशी लावते. चार-पाच वेळा झालं की खांद्याच्या उंचवट्यापाशी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, हृदयाचे ठोके खरोखर कमी होतात. पाठीवर थोपटणं आपल्या समाधानासाठी. वीस मिनिटं पुरे.

त्यानंतर ९ मीटर दोरावर मोठ्या गोलात, चाल आणि दुडकी, दोन्ही बाजूंनी मिळून दहा मिनिटांच्या वर नको. लहान गोलात रोज अर्धा तास पळवल्याने गुडघे-घोट्यांचे सांधे एका बाजूने झिजतात. मग लांब लगामाने मागून चालत हाकणं. पाठीवर ओझं न टाकता "टाचेशिवाय पुढे" पक्कं होतं. स्वार शेवटी. सुरुवातीला टाच लावताना लगाम पूर्ण सैल, लगाम धरताना पाय शांत. दोन्ही एकत्र बरेच महिने नको.

मान कडीला बांधून ठेवण्याने मानेचे स्नायू आखडतात आणि सुटकेचा क्षणच येत नाही, म्हणजे शिकण्यासारखं काही घडतच नाही.

वजनाचं बोलायलाच हवं: ३२८ किलोच्या घोडीवर खोगिरासकट ६५ किलोच्या वर नको. तुमचे ८६ होतात, म्हणजे सव्वीस टक्के. शिवाय मणक्यातल्या वाढीच्या जागा पाच वर्षांच्या पुढेमागे बंद होतात. सध्या हलका स्वार शोधा. ते रंगीत खोगीरही तपासा: स्वार बसल्यावर खांद्याच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी हवीत, मणक्यावर कुठेही टेकता कामा नये. स्वारीनंतर घामाच्या डागात मधेच कोरडा चट्टा दिसला तर तिथे दाब पडतोय.

---

पागा_शिरूर

खूप आभार. विक्रेत्याशी बोललो, घोडी खडी करायला शिकवलेली आहे, खूण 'दुडकी' यांनी वर सांगितली तीच. गालाची हाडं सध्या सपाट वाटतात. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली. लसी आणि जंताचं काय करू? आणि शेजारचे म्हणतात गाईला देतो ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्या.

---

रात्रपाळी_पशुवैद्य

ते इंजेक्शन घोड्याला नको, टोचल्या जागी जंतुसंसर्ग होऊन मांस सडल्याच्या घटना आहेत. तोंडातून द्यायची पेस्ट घ्या, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, वजन वरच्या सूत्राने काढून. अंदाजाने कमी दिलं तर जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. त्याआधी लिदीतली अंडी मोजून घेतलीत तर उत्तम.

धनुर्वाताची लस पहिली: दोन डोस, मधे चार ते सहा आठवडे, नंतर दरवर्षी. खिळा-नाल-जखमा आणि लीद यांच्यात राहणाऱ्या या जनावराला धनुर्वात सगळ्यात लवकर होतो. रेबीजही दरवर्षी.

यात्रेतून आलेल्या घोड्याला तीन आठवडे वेगळं ठेवायचं, बादली-खरारासकट, आणि रोज ताप बघायचा. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, जबड्याखाली गाठ, पायावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर हात लावण्याआधी हातमोजे. ही ग्लँडर्सची (घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची) लक्षणं असू शकतात, आणि तो माणसालाही होतो. सरकारी पशुवैद्यकांना रक्तनमुना घ्यायला सांगा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या पद्धतीने एलायझा आणि सीएफटी या रक्तचाचण्या होतात. मधूनमधून ताप, पोटाखाली सूज आणि फिक्या हिरड्या असतील तर सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) हाही तपासा, पावसाळ्यात आणि नंतर मोठ्या गोमाश्यांनी तो पसरतो.

---

खूर_आणि_नाल

आणि नालबंदाला दर सहा आठवड्यांनी बोलवा. खुराच्या तळाच्या त्रिकोणी मऊ भागात काळं, कुजका वास येणारं काही दिसलं तर आधी ओली लीद-मूत खालून काढा, जागा कोरडी करा. औषध नंतर.