पॅरिस सहल : डब्याचं आज ठरवा

प्रेषक: सुलभा
मंडळी, तेवीस जणांचे पैसे आले. रविवारी सकाळी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला. घड्याळाखाली नको, मागच्या वेळी तिथं कुणाला कुणी सापडलं नाही. धपाटे मी आणि नंदाताई करतोय. दहीभात किती जणांना? लाडू कोण करतंय?

प्रेषक: माधव
दहीभात विसरा. २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपात दूधदुभतं आणि मांस न्यायला बंदी आहे. दही, पनीर, चीज, सगळं आलं. फळं-भाज्यांतही केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन एवढीच सुटतात. लिंबू नाही, कढीपत्ता नाही. शिवाय लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. कार्यक्रमात नेमकं मंगळवारीच टाकलंय.

प्रेषक: नंदा
मग बेसनाच्या लाडवांचं काय? त्यात तूप आहे.

प्रेषक: श्रीराम
केक, बिस्किटं, चॉकलेट, मिठाई यांना सूट आहे. लाडू मिठाईच. पण विचारलं तर नीट सांगा. आपण बसनं गेलो त्या वर्षी बंदरावर तपासनीसानं वहिनींचा डबा उघडून विचारलं, हे काय? वहिनी म्हणाल्या, ‘स्वीट योगर्ट.’ झालं, श्रीखंड गेलं!

प्रेषक: मीना
मग काय खोटं बोलायचं होतं? आणि श्रीखंडाचं दुःख नाही, डबा माझ्या आईचा होता, नाव घातलेला. तुम्ही पुढंच उभे होतात, तेवढा रिकामा करून मागायला काय झालं होतं?

प्रेषक: रोहन
पॅरिसला जाऊन धपाटे? गार दु नॉर स्टेशनला उतरलं की मागंच ला शापेल वस्ती. श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आहेत सगळी. डोसा, इडली, ताजा कढीपत्ता, जे म्हणाल ते. डबा नकोच.

प्रेषक: सुलभा
रोहन, सहलीच्या जेवणाचं खातं अकरा वर्षं माझ्याकडं आहे. तेवीस माणसं, त्यात चार उपासाची, एकदम कुठल्या हॉटेलात बसवणार ते सांग, मग बोलू.

प्रेषक: दत्ताकाका
आमच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतात. हिला घेऊन, जोडपी प्रेमाची कुलपं लावतात त्या पुलावर कुलूप लावायचं म्हणतोय. नवं कोरं अलीगढी आणून ठेवलंय. कार्यक्रमात अर्धा तास धरावा.

प्रेषक: रोहन
काका, त्या पुलावरची, पों दे झारवरची, कुलपं २०१५ मध्येच काढली. आदल्या वर्षी त्यांच्या वजनानं कठड्याचा एक भाग कोसळला होता. आता तिथं काचा आहेत. संध्याकाळी काकूंबरोबर नुसते उभे राहा, सेन नदी छान दिसते.

प्रेषक: श्रीराम
काका, ते कुलूप मंडळाच्या भांड्यांच्या कपाटाला द्या. जुनं अडकतं.

प्रेषक: माधव
लूव्रचं कुणी वाचलं का? ऑर्से संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि आपण ते सोमवारी ठेवलंय. दोन्हींची नुसती अदलाबदल करा. तिकिटं वेळ घालून मिळतात, काढायच्या आत सांगा.

प्रेषक: सुलभा
ठरलं. दहीभात रद्द. धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, चिवडा. लाडू ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर.

प्रेषक: नंदा
सुलभा, धपाट्यांचं पीठ आपण दह्यातच भिजवतो.